घरची भट्टी आणि फियाटचा एल्बो

(भागाचं लिखित रूप. बोलले तसंच ठेवलंय, फक्त माझे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युली’ बरेच उडवलेत.)

आज पाहुणे नाहीत, आज मी एकटीच. मागे मी एक व्हिडिओ टाकला होता, पत्र्याचा डबा, त्यातून केशरी उजेड आणि बाजूला तोंडाला काच लावून उभी असलेली मी. त्यावर तुमचे प्रश्न अजून येतायत. कुणी विचारलं दारू गाळतेस का, कुणी विचारलं सोनं वितळवतेस का. दोन्ही नाही. मी आमच्या वस्तीवर, राहुरी तालुक्यात, १९६९ सालच्या फियाट अकराशेचा एक पार्ट ओतत होते. तळहाताएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा. त्याला पाच प्रयत्न आणि जवळजवळ आठ महिने लागले. तो का ओतला आणि कसा ओतला, एवढंच आज सांगायचंय.

आधी गाडीबद्दल. तुमच्यातल्या अनेकांनी फियाट बघितली असेल ती मुंबईची काळी-पिवळी म्हणूनच. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या परवान्यावर गाड्या बनायला लागल्या. साठच्या दशकात आली ती अकराशे डिलाइट, पुढे सत्तरच्या दशकात तिचीच पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. २००० च्या आसपास बनणं बंद झालं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. आमची त्या आधीची, डिलाइट. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती १९८४ ला नगरच्या एका वकिलांकडून जुनी घेतली होती. वस्तीवर तेव्हा दुसरी चारचाकी नव्हती. त्यामुळे ती गाडी फक्त आमची कधीच नव्हती. कुणाची सून बाळंत व्हायची असली, कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, की लोक आमच्या दारात.

आता जे सांगते ते मी या पॉडकास्टवर आधी कधी सांगितलेलं नाही.

२००९ चा मे महिना. मी सतरा वर्षांची, बारावीच्या निकालाची वाट बघत होते. दुपारी नानांना, म्हणजे माझ्या धाकट्या काकांना, छातीत कळ आली. १०८ ची ॲम्ब्युलन्स तेव्हा नव्हती, ती आपल्याकडे २०१४ ला आली. अण्णांनी गाडी काढली, मागच्या सीटवर नाना, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. राहुरीहून नगर पस्तीसेक किलोमीटर. विळद घाटात गाडी उकळली. बॉनेटमधून वाफ, पाणी सगळं रस्त्यावर. हेडवरचा जो पाण्याचा एल्बो असतो, जिथून इंजिनातलं गरम पाणी वरच्या होज पाइपमधून रेडिएटरला जातं, तो खालच्या बाजूने सडलेला होता. अण्णांना ते माहीत होतं. दोन महिने आधी त्यांनी त्यावर सील थापून काम भागवलं होतं. नवा एल्बो मिळत नव्हता, जुना शोधायला वेळ नव्हता, कांद्याचे दिवस होते.

मी रस्त्यावर उभी राहून गाड्यांना हात करत होते. वीसेक मिनिटांनी एक टेम्पो थांबला. नाना दवाखान्यात पोचले, पण संध्याकाळी गेले. ती वीस मिनिटं नसती तर वाचले असते का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. ते खरंच असेल. पण अण्णांनी गाडी ओढून आणली, गोठ्याशेजारच्या शेडमध्ये लावली आणि त्यानंतर तिला हात लावला नाही. विकलीही नाही. भंगारवाले दरवर्षी यायचे, अण्णा त्यांना चहा पाजून परत पाठवायचे. घरात तो विषय बंद.

मी इंजिनिअर झाले, पुण्याला नोकरीला लागले. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला घरी आले, तेव्हा शेडमधून उंदरांनी ओढून आणलेल्या सीटच्या काथ्या अंगणात पडल्या होत्या. मी अण्णांना म्हटलं, मी ही गाडी चालू करू का? ते काही बोलले नाहीत. आई मात्र म्हणाली, “कशाला ते भूत उठवते? पाणी पिती आन पैसं खाती.” दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या चहाच्या कपाशेजारी शेडची किल्ली होती. अण्णांनीच ठेवली होती.

बाकी दुरुस्तीचं पुराण मी सांगत बसत नाही. कार्ब्युरेटर, वायरिंग, ब्रेकचे सिलेंडर, या सगळ्यावर यूट्यूबवर ढीगभर आहे. अडलं ते एल्बोवर. माझ्यातल्या इंजिनिअरला वाटलं, सोपं आहे, विकत घेऊ. मुंबईला कुर्ल्यात जुने पार्ट विकणाऱ्यांकडे जाऊन आले. दोन एल्बो मिळाले आणि दोन्ही तसेच सडलेले. आणि ते साहजिक आहे. इंजिनचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, दोघांमधून एकच पाणी फिरतं. पाण्यात क्षार असले की दोन वेगळ्या धातूंमध्ये बॅटरीसारखा खेळ सुरू होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. आपल्याकडे पन्नास वर्षं लोकांनी रेडिएटरमध्ये काय ओतलं? बोअरचं पाणी. आमच्या बोअरच्या पाण्यानं डाळ शिजत नाही, एल्बो काय टिकणार! तेव्हा हे आत्ताच लिहून घ्या: जुनी गाडी असेल तर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, दुसरं काही नाही.

मग कोल्हापूरकडच्या एका फौंड्रीला फोन केला. त्यांनी विचारलं, “किती नग?” मी म्हटलं, एक. पलीकडचे गृहस्थ हसले, पण वाईट नाही हसले. त्यांचं म्हणणं रास्त होतं. एका नगासाठी पॅटर्न करायचा, कोर बॉक्स करायचा, त्यात त्यांचा दिवस जाणार. मी त्यांना दोष देत नाही.

तिथून मी तात्यांकडे गेले. तात्या आमच्या वस्तीच्या पलीकडच्या मळ्यात राहतात, वय ऐंशीच्या आसपास. साखर कारखान्याच्या रिपेअर शॉपमध्ये चौतीस वर्षं ओतकामावर होते. उसाच्या चरकाचे जे मोठे रोलर असतात त्यांची गनमेटलची बेअरिंग झिजायची, ती हंगाम संपला की कारखान्यातच ओतायचे. मी त्यांच्यापुढे सडलेला एल्बो ठेवला. त्यांनी तो उन्हात धरून बघितला, नखानं पांढरी भुकटी खरवडली आणि म्हणाले, “ह्यो पोकळ हाय. कोर लागंल. भरीव असता तर तुला एका दिसात शिकिवलं असतं.”

आता भट्टी. माझी भट्टी म्हणजे वीस लिटरचा ऑइलचा रिकामा पत्र्याचा डबा. आतून सिरॅमिक वूल, त्यावर फायर क्लेचा लेप, चार दिवस सावलीत आणि मग मंद आचेवर वाळवलेला. खालच्या बाजूला भोक, त्यात लोखंडी नळी, नळीला छोटा ब्लोअर. इंधन लाकडी कोळसा. मूस ग्रॅफाइटची, ती सोनारांचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. आणि ओतायचं काय? कोल्ड्रिंकचे डबे वितळवतात ते व्हिडिओ तुम्ही बघितले असतील. ते गंमत म्हणून ठीक आहे. डब्याचं ॲल्युमिनियम पातळ पत्रा करण्यासाठी बनवलेलं असतं, साच्यात ते नीट धावत नाही, आणि निम्मं तर रंगासकट जळून राख होतं. तात्यांनी सांगितलं पिस्टन आण. मोटरसायकलचे जुने पिस्टन कुठल्याही गॅरेजमध्ये किलोवर मिळतात. त्यात सिलिकॉन असतं, त्यामुळे धातू पातळ होऊन कोपऱ्याकोपऱ्यात जातो. रिंगा आणि पिना आधी काढायच्या. एक इशारा: काही जुन्या परदेशी गाड्यांचे आणि मोटरसायकलचे केसिंग मॅग्नेशियमचे असतात. दिसायला अगदी ॲल्युमिनियमसारखे, हातात हलके. ते पेटलं तर पाण्यानं विझत नाही, उलट भडकतं. काय आहे ते माहीत नसेल तर मुशीत टाकायचं नाही.

वाळू. वाळूचं नाव काढलं की आमच्या जिल्ह्यात लोक आधी इकडेतिकडे बघतात. मी आमच्याच घराच्या बांधकामातली उरलेली घेतली आणि आईच्या मैद्याच्या चाळणीनं चाळली. चाळणीबद्दल घरात जे झालं ते इथे सांगत नाही. वाळूत मिसळायला बेंटोनाइट. हे कुठे मिळेल म्हणून मी ऑनलाइन शोधत होते आणि मिळालं राहुरीच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात, कारण अर्थिंगच्या खड्ड्यात घालायला ते वापरतात. दहा भाग वाळूला साधारण एक भाग. पाणी अगदी थोडं, शंभराला तीन-चार. मूठ आवळली की लाडू वळला पाहिजे, आणि तो मोडला की कडा धारदार तुटली पाहिजे. हाताला ओल लागली तर पाणी जास्त झालं. हे वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

पहिला प्रयत्न. मी हुशारी केली. जुना एल्बोच पॅटर्न म्हणून वापरला. सडलेल्या जागा गाडीच्या बॉडीला लावतात त्या पुट्टीनं भरल्या, घासून गुळगुळीत केला, वरून अंगाला लावायची टाल्कम पावडर मारली आणि वाळूत दाबला. ओतलं, निघालं, छान दिसत होतं. फक्त बसलं नाही. ॲल्युमिनियम थंड होताना आकसतं, शंभराला सव्वा-दीडच्या आसपास. बोल्टच्या दोन भोकांमधलं अंतर साठ मिलिमीटर असायला हवं, माझं आलं एकोणसाठ पूर्णांक दोन. पाऊण मिलिमीटर! भोक मोठं करून बसवता आलं असतं, पण खालचा सपाट भाग घासून सरळ केल्यावर जाडीच उरली नसती. कॉलेजमध्ये मी ‘श्रिंकेज अलाउन्स’वर पाच मार्कांचा प्रश्न लिहिला होता, त्यात पाचपैकी पाच मिळाले होते.

मग मी एल्बो मोजून कॉम्प्युटरवर काढला आणि पुण्यात थ्रीडी प्रिंट करून घेतला, १०१.३ टक्के मापानं. जिथे घासायचंय तिथे दोन मिलिमीटर जादा. हे काम आता तुमच्यासारख्यांसाठी अगदी सोपं आहे आणि मला वाटतं घरच्या ओतकामात खरा फरक पडला असेल तर तो याच्यामुळे. पूर्वी लाकडाचा पॅटर्न करणारा सुतार हा वेगळाच कारागीर लागायचा. तात्यांनी तो प्लास्टिकचा तुकडा हातात फिरवला आणि म्हणाले, “आमचा पॅटर्नमेकर ह्ये बघून रडला असता.” आनंदानं की दुःखानं ते त्यांनी सांगितलं नाही.

कोरची गोष्ट मला सगळ्यात आवडते. एल्बो पोकळ हवा, म्हणजे साच्याच्या पोटात वाळूचाच एक वाकडा तुकडा ठेवायचा, धातू त्याच्याभोवती भरतो. तो तुकडा कडक हवा, आणि नंतर ठोकला की भुगा होऊन बाहेर पडला पाहिजे. हल्ली त्यासाठी सोडियम सिलिकेट आणि कार्बन डायऑक्साइड वापरतात. तात्या कारखान्यात मळी वापरायचे. मी म्हटलं, मळी आणते. ते म्हणाले, “मळीला परवाना लागतोय, गुऱ्हाळावरनं काकवी आण.” तर मंडळी, वाळूत काकवी कालवून मी तो कोर साच्यात भरला आणि जुन्या ओव्हनमध्ये दोनशे अंशांवर तासभर भाजला. घरभर चिक्कीचा वास. आई आत येऊन म्हणाली, काय केलंयस ग? मी म्हटलं, फियाटचा कोर. ती काही न बोलता निघून गेली.

आता दुसरा प्रयत्न. जूनमधला शनिवार होता. तात्या लग्नाला गेले होते. त्यांनी बजावलं होतं की मी आल्याशिवाय ओतू नको. पण मला रविवारी पुण्याला परतायचं होतं. आदल्या रात्री पाऊस पडला होता, वाळूचं पोतं शेडच्या कडेला होतं. सकाळी वाळू मला कोरडी वाटली म्हणून मी अंदाजानं पाणी मारलं. वरून कोरडी होती, खाली ओल होती. मूठ आवळून बघितली, हाताला किंचित दमट लागलं. मी ते हातानं पुसलं आणि पुढे गेले.

पाण्याची वाफ झाली की ती हजार पटींहून जास्त जागा मागते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आपण ओततो सातशेच्या वर. तिथे ओली वाळू असली तर वाफेला निघायला वेळच नसतो. मी ओतायला सुरुवात केली, दोन सेकंद सगळं बरोबर होतं आणि मग साच्यातून ‘भुस्स’ असा आवाज आला. ज्या भोकातून धातू आत जात होता त्याच भोकातून तो बाहेर उडाला. तोंडाला काच होती, हातात चामड्याचे मोजे होते. पायात मात्र माझे पळायचे बूट होते, जाळीचे. एक थेंब जाळीतून आत गेला. बूट काढेपर्यंत मोजा कातडीला चिकटला होता.

चुलतभाऊ सोबत होता, म्हणजे नानांचा मुलगा. त्यानं आधी मला बाजूला ओढलं, मग बाहेरच्या नळाखाली पाय धरला, गार वाहतं पाणी, वीस मिनिटं. हळद नाही, टूथपेस्ट नाही. त्याला ते कुठून माहीत, कुणास ठाऊक. पायावर रुपयाएवढा डाग आहे, आयुष्यभर राहील. त्या वीस मिनिटांत तो सारखा मोबाइलमध्ये बघत होता, किती वेळ झाला, किती वेळ झाला. आणि मला एकदम लक्षात आलं की आम्ही दोघंही तोच विचार करतोय, दुसऱ्याच वीस मिनिटांचा. कुणीच बोललो नाही.

तात्या रविवारी आले. मला वाटलं ओरडतील. त्यांनी पँट वर करून स्वतःची पोटरी दाखवली, मनगटाएवढा जुना डाग. मग माझ्याकडून पुढचं सगळं वदवून घेतलं, पाढे म्हणायला लावतात तसं. चामड्याचे बूट, पँटचा पाय बुटाच्या बाहेर, म्हणजे आत काही पडणार नाही. सुती कपडे. सिमेंटच्या कोब्यावर ओतायचं नाही, कारण कोब्यात ओल असते आणि गरम धातू सांडला की तो फुटून उडतो, खाली कोरडी वाळू पसरायची. चिमटा, पळी, जे मुशीत जाईल ते आधी भट्टीशेजारी तापवायचं, दवाचा थेंबसुद्धा नको. एकटं कधी नाही. आणि पावसाळ्यात नाही. मग आम्ही चक्क दसऱ्यापर्यंत थांबलो.

या मधल्या काळात मी एक काम केलं, विजापूरला जाऊन आले, म्हणजे आताचं विजयपुरा. तात्यांनीच पाठवलं. “ओतकाम बघायचं तर मुलूख-मैदान बघ, आपल्या नगरची हाय.” मला वाटलं होतं थापा मारतायत. पण ती तोफ खरंच नगरची. १५४९ साली निजामशाहीत, अहमदनगरला, मुहम्मद रूमी नावाच्या तुर्की ओतकाऱ्यानं ती ओतली. वजन पंचावन्न टनांच्या घरात, लांबी चार मीटरच्या वर, तोंड एवढं मोठं की आत माणूस बसेल. तोंडाला जबडा वासलेल्या सिंहाचा आकार आणि त्याच्या दातांत हत्ती. तांबं आणि कथील, साधारण ऐंशी-वीस, म्हणजे देवळातल्या घंटेच्या जवळ जाणारं कांसं. मी बुरुजावर उभी राहून हिशोब करत होते. माझ्या मुशीत जेमतेम दीड किलो मावतं. एवढा धातू एका भट्टीत होणं शक्य नाही, कितीतरी भट्ट्या एकाच वेळी तयार ठेवल्या असणार आणि सगळ्या एकामागून एक न थांबता सोडल्या असणार, कारण मध्ये थांबलं तर जोड राहतो. आणि साचा कोरडा! पंचावन्न टनांचा साचा आतपर्यंत कोरडा आहे हे त्यानं कसं ओळखलं असेल? माझ्या पायाला तेव्हा पट्टी होती, त्यामुळे हा प्रश्न मला जरा जास्तच पडला.

तिसरा प्रयत्न दसऱ्यानंतर. आता आकार बरोबर, स्फोट नाही, पण मोडून बघितला तर आतून जाळीदार, शिळ्या पावासारखा. कोरमधली काकवी जळून जो वायू झाला त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. तात्यांनी पुढच्या कोरमध्ये सायकलची तार घालून भाजायला लावली आणि नंतर ती ओढून काढली, म्हणजे मधून बोगदा. शिवाय मी धातू जास्त तापवत होते. पातळ दिसावा म्हणून आणखी पाच मिनिटं, आणखी पाच मिनिटं. वितळलेलं ॲल्युमिनियम हवेतल्या ओलीतून हायड्रोजन शोषतं आणि गोठताना तो सोडतं, त्याचीच छिद्रं. पटकन वितळवा, वरची मळ काढा, ढवळत बसू नका, ओता.

चौथा एल्बो दिसायला झकास. राहुरीच्या एका लेथवाल्यानं त्याचा पृष्ठभाग सरळ करून दिला, मी काचेवर पॉलिश पेपर ठेवून शेवटचा हात मारला. एक तोंड रबरी बूच लावून बंद केलं, दुसरीकडून सायकलच्या पंपानं हवा भरली आणि बादलीत बुडवला, पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसा. एका जागी, अगदी वाकणाशी, मोत्यांसारखे बुडबुडे. चुलतभाऊ म्हणाला, थोडं सील लावलं तर चालेल. म्हणाला आणि गप्प झाला. मी तो एल्बो परत मुशीत टाकला.

पाचवा डिसेंबरात. वाकणाच्या जाड भागावर एक जादा राइझर, म्हणजे धातू गोठताना कमी पडला तर वरून पुरवायला साठा. बादलीत रात्रभर बुडवून ठेवला, हवा भरून. एकही बुडबुडा नाही. त्या रात्री मी तीन वेळा उठून बादलीत टॉर्च मारून बघितलं.

आणि इथे मी माती खाणार होते. एक पार्ट जमला की डोकं फिरतं. गाडीच्या स्टिअरिंगच्या जोडणीत चॅसिसवर एक ब्रॅकेट असतो, आमचा तडकलेला होता. मी म्हटलं हाही ओतू, आता येतंच की. प्रिंट करून घेऊन गेले तात्यांकडे. त्यांनी पॅटर्न हातात घेतला, विचारलं ह्ये कुढं लागतंय. मी सांगितलं. त्यांनी तो जमिनीवर ठेवला आणि चपलेच्या टाचेनं मोडला. मी बघतच राहिले. म्हणाले, “एल्बो फुटला तर गाडी थांबंल. ह्यो फुटला तर गाडी थांबणार न्हाई.” थोड्या वेळानं म्हणाले, “पोरी, विळदच्या घाटात काय झालं ते ठाऊक हाय मला. त्या गाडीत आता कोण बसणार हाय?”

अण्णा बसणार होते. घरी ओतलेलं ॲल्युमिनियम लोखंडासारखं वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतं. आत एखादी गाठ, एखादं छिद्र राहिलं तर ते बघायला माझ्याकडे एक्स-रे नाही. स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन, यातलं काहीही घरी ओतायचं नाही. मी तो ब्रॅकेट जुन्या गाडीतून काढलेला, मूळ कारखान्याचा, शोधून आणला. दोन महिने आणि बरेच पैसे गेले. कागदपत्रांचं काम अजून चालू आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नोंदणीची फी वीस हजार आहे. पण विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरात चालवता येत नाही, त्यामुळे साधी नोंदणी पुढे चालू ठेवायची का ती घ्यायची यावर घरात वाद आहे. आईचं मत तुम्हाला कळलंच असेल.

खर्च विचारू नका म्हणणार होते, पण विचाराल. भट्टी, मूस, वाळू, कोळसा, पिस्टन, प्रिंट, सगळं मिळून साडेनऊ हजार, डॉक्टरचे बाराशे वेगळे. एका एल्बोला. हा धंदा नव्हे.

फेब्रुवारीत एका रविवारी पहाटे आम्ही गाडी काढली. मी चालवत होते, अण्णा शेजारी, मागे चुलतभाऊ आणि पाण्याचे दोन कॅन. अण्णांनी पंधरा वर्षांहून जास्त काळात त्या गाडीत पाऊल ठेवलं नव्हतं. मी डॅशबोर्डखाली तापमानाचं एक जादा मीटर बसवलंय, मोठ्या आकड्यांचं. अण्णा रस्ता बघतच नव्हते, ते काट्याकडे बघत होते. विळद घाट लागला. मी दुसरा गिअर टाकला. काटा ऐंशीवरून पंच्याऐंशीवर गेला, नव्वदच्या जरा अलीकडे थांबला. चढ संपेपर्यंत तिथेच होता.

घाटाच्या वर अण्णा म्हणाले, जरा बाजूला घे. मी घेतली. ते उतरले, बॉनेट उघडलं आणि एल्बोला खालून, जिथे पूर्वी सडला होता त्या जागी, बोट लावलं. चटका बसला असणार, इंजिन चालूच होतं. बोट कोरडं होतं. त्यांनी ते चुलतभावाला दाखवलं, बॉनेट लावलं आणि ड्रायव्हरच्या बाजूला आले. मला म्हणाले, “सरक तिकडं.”

नगरपर्यंत तेच चालवत गेले. माळीवाड्याला आम्ही मिसळ खाल्ली आणि परत आलो.

पुढच्या भागात तात्या येणार आहेत, माइकला घाबरतात, बघू. भेटू.